वारुळासारखी इमारत

वाळवीचे नाव काढले की आपल्या कपाळाला आठी पडते. ती दाराची चौकट खाते, आढे खाते. पेटीतला सातबारासुद्धा सोडत नाही. पण हीच वाळवी वारूळ बांधते, आणि त्या वारुळाला आपण नागपंचमीला हळद-कुंकू वाहतो. नागोबा तिथला फुकटचा भाडेकरू. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण काही उगाच पडली नाही. घर खरे वाळवीचे.

अशाच वारुळाकडे बघून एका माणसाने मोठ्या शहरात नऊ मजल्यांची इमारत बांधली. तिची ही हकीकत.

आफ्रिका खंडात झिंबाब्वे नावाचा देश आहे. तो १९८० साली स्वतंत्र झाला. हरारे ही त्याची राजधानी. हे शहर आपल्या महाबळेश्वराहूनही उंचावर आहे. तिथे दिवसा ऊन तापते, पण रात्री चांगलाच गारवा पडतो. ही रात्रीच्या गारव्याची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचेच काम आहे.

मोठ्या कचेरीत शेकडो माणसे बसतात. दिवे असतात, यंत्रे असतात. सगळ्यांची ऊब साचते आणि आत उकडू लागते. मग हवा गार करणारी मोठी यंत्रे बसवायची. ती यंत्रे परदेशातून आणायची. त्यांना वीज लागते ती वेगळीच. एखादा भाग मोडला की पुन्हा परदेशाकडे तोंड! गरीब देशाला हे कसे परवडावे? मिक पिअर्स नावाच्या वास्तुशिल्पीने ठरवले, की हे यंत्रच नको. त्याची इमारत १९९६ साली उभी राहिली. तिचे नाव ईस्टगेट.

त्या मुलखात माणसाहून उंच वारुळे असतात. तिथली वाळवी आत बुरशीची शेती करते. आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ना, तीही अशाच शेतीतली. वारुळात हवा सारखी खेळती राहते आणि म्हणून आत गारवा टिकतो, असे त्या वेळी मानत. पिअर्सने तेच मनात धरले.

चला, आपण आत जाऊन पाहू. मनानेच जायचे, हरारेचे भाडे आपल्याला कुठले परवडायला!

समोर दोन लांब इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. मधे मोठी मोकळी जागा, वर काचेचे छप्पर. खाली दुकाने, वर कचेऱ्या. इकडून तिकडे जायला लोखंडी पूल टांगले आहेत. भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या. खिडक्या बेताच्या, त्यांवर पुढे आलेले सज्जे. ऊन आत शिरूच नये, ही पहिली युक्ती.

आता खरी गंमत पायाखाली आहे. प्रत्येक मजल्याची जमीन पोकळ आहे! रात्री पंखे सुरू होतात. ते बाहेरची गार हवा ओढतात आणि या पोकळीतून जोराने फिरवतात. रात्रभर त्या गार हवेने काँक्रीट थंड होते. पहाटे जात्याला हात लावून पाहा, कसे गार लागते! तसेच हे. दगड सावकाश तापतो आणि सावकाश निवतो.

सकाळी माणसे कामाला येतात. आता पंखे हळू चालतात. बाहेरची हवा त्याच थंड पोकळीतून जाते, निवते आणि खिडकीखालच्या जाळीतून खोलीत येते. खोलीतली तापलेली हवा वर छताशी जाते. चुलीचा धूर वरच जातो ना, तशी. तिथून ती धुराड्यांतून बाहेर पडते. इमारतीच्या माथ्यावर विटांची अशी ४८ धुराडी आहेत.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे वीज लागतेच की!" लागते. पंख्यांना लागते, दिव्यांना लागते. पण हवा गार करायचे काम रात्र करते, आणि रात्र काही बिल पाठवत नाही.

आता वारुळाचे एक सांगायचे राहिले. पुढे शास्त्रज्ञांनी वारुळे नीट तपासली. २००८ साली दोघा शास्त्रज्ञांनी लिहिले, की वाळवीचे घरटे गार राहते ते भोवतीच्या जमिनीमुळे. वरचा मातीचा डोंगर गारव्यासाठी नाही, श्वासासाठी आहे. वारा लागला की आतली कोंदट हवा त्यातून बदलत राहते. म्हणजे आपल्या छातीतल्या फुप्फुसासारखेच काम. पिअर्सने वाळवीकडून जे घेतले ते थोडे चुकीचे समजून घेतले. पण इमारत मात्र गार राहिली!

अशी इमारत मुंबईत बांधली तर? फारसे भागायचे नाही. तिथे रात्रही दमट आणि उबदार. रात्रच निवली नाही तर काँक्रीट निवणार कसे? देशावर मात्र उन्हाळ्यातसुद्धा पहाटे गारवा असतो. आपली जुनी धाब्याची घरे आठवा. हातभर जाड मातीच्या भिंती, मातीचेच माळवद, खिडकी लहान, आणि धूर जायला वर एक भोक. भर दुपारी आत शिरले की जिवाला बरे वाटे. त्यावर आपण पत्रा घातला. पत्रा टिकतो, गळत नाही, दरवर्षी माती टाकायची कटकट नाही. म्हणून घातला, त्यात चूक कुणाची? पण वैशाखात दुपारी त्याच पत्र्याखालून उठून लोक लिंबाच्या सावलीला बाज टाकतात.