मालेगावचे कापड, पालीचा नफा

मालेगावात विणलेले बरेचसे ग्रे कापड धुलाई, रंगाई आणि छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्याला जाते. आमच्या बुनकर भाईंच्या पदरी मीटरमागे मोजक्या पैशांची मजुरी पडते. रंग चढल्यावर कापडाची जी किंमत वाढते, ती कमाई त्या गावांची होते. सरकारच्या समूह विकास योजनांकडे आम्ही या हिशेबाने पाहतो.

एका ठिकाणी एकच हुन्नर पिढ्यान्पिढ्या रुजला असेल, तर तिथल्या कारखानदारांना एकट्याने न परवडणाऱ्या गोष्टी मिळून उभारता याव्यात, म्हणून सरकार पैसा देते. मालेगावचा हुन्नर सरकारने आणलेला नाही. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी तो सोबत आणला. इथे कमी आहे ती प्रोसेसिंगची.

आजवरची मदत बहुधा कर्जाच्या वाटेने आली. 1999 च्या तंत्रज्ञान सुधार निधी योजनेत बँकेच्या कर्जावरील व्याजात सवलत होती. ज्याच्याकडे तारण आणि कागदपत्रे, त्याला लाभ. चार-सहा साधे माग चालवणारा आणि व्याजापासून दूर राहू पाहणारा माणूस तिथे कसा पोहोचणार? 2017 च्या पॉवरटेक्स योजनेतली सूत बँकेची तरतूद आम्हाला यासाठी बरी वाटली. विणकरांच्या संस्थेला घाऊक सूतखरेदीसाठी 2 कोटींपर्यंत बिनव्याजी रक्कम! पण तेवढ्याच रकमेची बँक हमी मागितली होती. गरीब बुनकर ती कुठून देणार? मग पुढे व्यापारीच येतो, आणि सूत कोणाला द्यायचे हेही तोच ठरवतो. आम्ही स्वतः व्यापारी आहोत, म्हणून हे ठामपणे सांगतो.

केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात मात्र थेट अनुदान आहे. 2022 च्या नियमांनुसार 5 ते 10 कोटींच्या सामायिक सुविधा केंद्राला 70 टक्के, आणि 10 ते 30 कोटींच्या केंद्राला 60 टक्के. अर्ज एकट्याचा चालत नाही. कारखानदारांनी मिळून संस्था स्थापावी लागते, आपला वाटा भरावा लागतो. हा वाटा भागभांडवल म्हणून जमवता येतो, त्याला व्याजाची गरज नाही.

मागणी करताना नुसते रंगाईचे यंत्र मागू नये. रंगाईला पाणी भरपूर लागते आणि मालेगावात पाण्याची ओढ कायमची. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय त्याच अर्जात हवी. तसेच संस्थेच्या संचालकांत साध्या मागवाल्यांच्या जागा किती, हे नोंदणीपूर्वीच लिहून घ्यावे.