‘झालंय’ म्हणण्याआधी

आजचा एपिसोड वाघोलीत घरीच रेकॉर्ड केलाय. मध्ये खालून पाण्याच्या टँकरचा आवाज आला, तर समजून घ्या. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी मजकूर.

आजचा विषय आहे चारित्र्य. शब्द जड आहे, मान्य. ऐकला की शाळेतला सुविचारांचा फळा आठवतो. पण माझ्यापुरता हा विषय एका शब्दापासून सुरू झाला. तो शब्द म्हणजे ‘झालंय’.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमची रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटांची मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, एवढंच सांगायचं. काही महिन्यांपूर्वी एका मीटिंगमध्ये मला विचारलं, ‘टेस्टिंग झालं का?’ मी म्हणालो, ‘झालंय.’ झालं नव्हतं. बदल दोन ओळींचा होता, त्यात काय बिघडणार, असं वाटलं.

बिघडलं. ग्राहकांच्या बिलांवर चुकीची तारीख छापून जायला लागली. आमच्या टीममधली सिनियर रात्री एकपर्यंत बसून ते निस्तरत होती. मला तिचे चार मिस्ड कॉल होते. मी झोपलो होतो, फोन सायलेंटवर.

दुसऱ्या दिवशी ती रागावली नाही. फक्त त्या दिवसापासून मी ‘झालंय’ म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, ‘स्क्रीनशॉट टाक.’ इतरांना नाही, फक्त मला. खरं सांगतो, ओरडा बसला असता तर बरं झालं असतं.

तोपर्यंत मी स्वतःला खोटारडा समजत नव्हतो. मोठ्या गोष्टीत मी कधी कुणाला फसवलं नव्हतं. पण मग मोजायला बसलो. घरात बूट शोधत असताना ‘खराडीला पोहोचतोच आहे’ असं सांगणं. नगर रोडवरून जाणाऱ्या निम्म्या लोकांनी हे केलं असेल म्हणा! आईला ‘रात्री फोन करतो’ म्हणून विसरणं. मित्राचे चारशे रुपये ‘उद्या पाठवतो’. एकेक गोष्ट किरकोळ. पण समोरचा माणूस आपल्याला ओळखतो तो या किरकोळ गोष्टींवरूनच. आपली मोठी तत्त्वं दिसायचा प्रसंग वर्षातून एखादा येतो. ‘पाच मिनिटांत आलो’ दिवसातून पाच वेळा येतं.

याचं उलट उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो शहराबाहेर हिंगण्याला गेला. १९०० साली तिथे होती एक झोपडी आणि आजूबाजूला माळ. आज त्या भागाला आपण कर्वेनगर म्हणतो.

कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. हिंगण्याहून चालत पुण्यात यायचं, शिकवायचं, उरलेल्या वेळात आश्रमासाठी वर्गणी मागायची आणि चालत परत जायचं. रोज. पावसात चिखल तुडवत. आज आपण १९१६ चं महिला विद्यापीठ आणि १९५८ चं भारतरत्न लक्षात ठेवतो. पण मला वाटतं, लोकांनी त्यांच्या हातात पैसे दिले ते या चालण्यामुळे. ज्यांना त्यांचे विचार पटत नव्हते, त्यांनाही हा माणूस रोज दिसत होता. पुढे १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढलं, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तेव्हाही वर्गणीसाठी स्वतः फिरायचे.

आता तुम्ही म्हणाल, ते महर्षी, आपण नोकरदार. बरोबर. म्हणून मी काय करून पाहिलं ते सांगतो.

आधी चुकलो. पहाटे पाचला उठणं, वाघेश्वर मंदिरापर्यंत पळणं, डायरी, तासभर वाचन, असं मोठं वेळापत्रक भिंतीवर लावलं. नवव्या दिवशी बंद. मग तीन गोष्टी कळल्या.

पहिली, काम इतकं लहान हवं की सगळ्यात वाईट दिवशीही जमेल. माझं ठरलं एकच: न केलेल्या कामाला ‘झालंय’ म्हणायचं नाही.

दुसरी, ते रोजच्या एखाद्या कृतीला बांधायचं. टेस्ट हिरव्या दिसल्याशिवाय ‘झालंय’ टाइप करायचं नाही. गाडीला किल्ली लावल्याशिवाय ‘निघालो’ म्हणायचं नाही. आईला ‘करतो’ म्हणताना तिथल्या तिथे अलार्म लावायचा.

तिसरी, तुटलं तर त्याच दिवशी कबूल करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर सवयींचा अभ्यास केला होता. तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि महत्त्वाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय’ हे विसरा, आणि एक दिवस चुकला म्हणून सगळं सोडूही नका.

मीही चुकलो. मध्ये एकदा घाईत पुन्हा तोंडातून ‘झालंय’ निघून गेलं. अर्ध्या तासानं मेसेज टाकला, ‘सॉरी, झालं नव्हतं, आता चालवतोय.’ तो मेसेज पाठवताना हात जड झाला होता. पण रात्री शांत झोप लागली, आणि फोन सायलेंटवर नव्हता.

सिनियर अजूनही स्क्रीनशॉट बघते. फरक इतकाच की आता ती मागायच्या आधी मी टाकतो. विश्वास एका शब्दानं गेला होता, तो एका शब्दानं परत येणार नाही, हे मला मान्य आहे. रोज थोडा थोडा येईल.

तर या आठवड्यात एक करा. दिवसभरात सहज तोंडातून जाणारा, खरा नसलेला तुमचा एक शब्द शोधा. ‘आलोच’, ‘बघतो’, ‘पाठवतो’, जो असेल तो. फक्त तेवढा एक खरा करायचा. जमलं की नाही ते मला कळवा. आणि ‘कळवतो’ म्हणालात, तर मात्र खरंच कळवा!

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.