पुनर्संयोजित मानवी इंटरल्युकिन-८
पुनर्संयोजित मानवी इंटरल्युकिन-८ हे मानवी जनुकाच्या आधारे प्रयोगशाळेत तयार केले जाणारे केमोकाइन गटातील प्रथिन आहे. त्याला सीएक्ससीएल-८ असेही म्हणतात. केमोकाइन ही श्वेतपेशींच्या हालचालीला दिशा देणारी लहान प्रथिने होत. इंटरल्युकिन-८ मुख्यतः न्यूट्रोफिल या श्वेतपेशींना दाहाच्या जागेकडे आकर्षित करते. त्याचा शोध १९८७ मध्ये लागला. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये हे जनुक नसते. त्यामुळे त्याच्या अभ्यासात मानवी पेशी आणि पुनर्संयोजित प्रथिन यांना विशेष महत्त्व आहे.

रचना

या प्रथिनाचे जनुक मानवाच्या ४थ्या गुणसूत्रावर असते. सुरुवातीला ९९ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. तिचा काही भाग कापला जाऊन प्रामुख्याने ७७ किंवा ७२ अमिनो आम्लांची रूपे बनतात. ७२ अमिनो आम्लांच्या रूपाचा रेणुभार सुमारे ८ किलोडाल्टन असतो. चार सिस्टीनमधील दोन डायसल्फाइड बंध रेणूची घडी टिकवतात. हे प्रथिन पेशीपृष्ठावरील सीएक्ससीआर-१ आणि सीएक्ससीआर-२ या ग्राहींना जोडले जाते.

निर्मिती

या प्रथिनाच्या कार्यासाठी शर्करेच्या साखळ्यांची गरज नसते. म्हणून त्याचे जनुक प्लास्मिडद्वारे ई. कोलाय जीवाणूत घालून उत्पादन करता येते. त्यानंतर प्रथिन वेगळे करून शुद्ध केले जाते आणि सहसा गोठवून कोरडी केलेली भुकटी म्हणून साठवले जाते.

शुद्धीकरणात जीवाणूच्या आवरणातील एंडोटॉक्सिन काढून टाकणे अत्यावश्यक असते. एंडोटॉक्सिनमुळे मानवी मोनोसाइट पेशी स्वतःच इंटरल्युकिन-८ स्रवू लागतात. नमुन्यात त्याचा अंश राहिल्यास दिसलेला परिणाम प्रथिनाचा की अशुद्धीचा, हे सांगता येत नाही. त्याचे प्रमाण मोजण्यासाठी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींच्या अर्कावर आधारित चाचणी वापरतात.

उपयोग

पेशींचे स्थलांतर मोजण्यासाठी बॉयडेन कक्ष वापरला जातो. सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या वर न्यूट्रोफिल आणि खाली इंटरल्युकिन-८ ठेवून पडदा ओलांडणाऱ्या पेशी मोजतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्रथिनाची संहती समान ठेवून तुलना केल्यास दिशायुक्त स्थलांतर आणि केवळ वाढलेली हालचाल यांतील फरक ओळखता येतो. ग्राहींना रोखणाऱ्या संयुगांच्या चाचणीतही हे प्रथिन वापरले जाते. संशोधनासाठी विकले जाणारे असे प्रथिन रुग्णांवरील उपचारांसाठी नसते.