चालत्या संगणकास हात लावावा काय?

ज्या हौशी गृहस्थानें आपला संगणक तयार विकत न घेतां सुटे भाग आणून घरींच जुळविला आहे, त्याच्यापुढें वर्षांतून दोनतीनदां तरी एक प्रश्न उभा राहतो. तयार यंत्राची चिंता वाहणारा कारखानदार असतो; घरीं जुळविलेल्या यंत्राचे कारखानदार आपण स्वतःच. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, ग्राफिक्स कार्ड तिसरीचें. आणि प्रत्येक कंपनी आपल्या मालाकरितां ड्रायव्हरची व फर्मवेअरची नवी आवृत्ति अधूनमधून काढीत असते. ती घ्यावी, कीं चालत्या यंत्रास उगाच हात लावूं नये? मुंबईकरास हा प्रश्न हौसेचा वाटेल, कारण बोर्ड निकामी झाला तर लॅमिंग्टन रोड त्याच्या हाताशीं आहे. तळोद्याच्या गृहस्थाचें तसें नाहीं. गांवास आगगाडी नाहीं. नंदुरबार गाठावें, तेथून सुरतेचा किंवा मुंबईचा रस्ता धरावा, नाहीं तर बोर्ड टपालानें धाडून आठवडे मोजीत बसावें. मधल्या काळांत मुलांचा अभ्यास आणि घरचा हिशेब दोन्ही अडलेले!

श्रोतेहो, ड्रायव्हर व फर्मवेअर हे दोन शब्द आपण एका दमांत उच्चारतों, पण त्यांतील धोका सारखा नाहीं. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा भाग यांच्यामधला दुभाष्या. तो डिस्कवर राहतो. नवा दुभाष्या चुकूं लागला तर त्यास काढून जुन्यास परत बोलावतां येतें. फर्मवेअर हें भागाच्या पोटांतील चिपमध्यें लिहिलेलें असतें. मदरबोर्डाचें फर्मवेअर, ज्यास अजूनहि बहुतेक लोक बायॉस म्हणतात, तें विंडोजच्या आधीं जागें होऊन बाकी सर्वांस जागें करतें. तें लिहिलें जात असतां मध्येंच वीज गेली, तर जागें कसें व्हावें हेंच यंत्रास आठवत नाहीं, आणि पडदाच उजळत नसल्यामुळें दुरुस्तीचा नेहमीचा मार्गहि खुंटतो. २६ एप्रिल १९९९ रोजीं सीआयएच नांवाच्या विषाणूनें अनेक संगणकांतील नेमका हा मजकूर बिघडविला. भाग सारे धड, आणि यंत्र मात्र मृतवत्!

ड्रायव्हरसंबंधीं फार बोलण्याचें कारण नाहीं. विंडोज आपण होऊन जे देतें ते बहुतेकांस पुरतात. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या खेळासाठीं किंवा सुरक्षिततेसाठीं घ्यावा, पण निघाल्या दिवशींच नव्हे. मार्च २०१० मध्यें एनव्हिडियाच्या १९६.७५ ह्या आवृत्तीमुळें कांहीं कार्डांचे पंखे नीट फिरेनासे झाले व कंपनीस ती मागें घ्यावी लागली. ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीसरशीं नवे करूं’ असें म्हणणारीं तिऱ्हाइतांचीं सॉफ्टवेअरें तर घरांत घेऊंच नयेत.

फर्मवेअरविषयीं मात्र एक म्हणणें सर्वत्र ऐकूं येतें : चाललें आहे ना, मग चालूं द्या. हा सल्ला बऱ्याच वेळां शहाणपणाचा असतो, नेहमींच नसतो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांचें उदाहरण घ्या. ते मध्येंच अडखळत. लोक खेळांस, रॅमला, ग्राफिक्स कार्डास दोष देत. २०२४ सालीं उघड झालें कीं प्रोसेसरच्या पोटांतील सूचनांमधील, म्हणजे मायक्रोकोडमधील, दोषामुळें त्यांस वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज मिळत होतें, आणि त्यानें ते आंतून झिजत होते. ऑगस्टमध्यें दुरुस्ती निघाली, ती नव्या बायॉसमधून. परंतु ती धड प्रोसेसरचें रक्षण करते. झिजलेला बरा करीत नाहीं. कंपनीनें हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली हें खरें, पण प्रोसेसर बदलून येईपर्यंतचे दिवस कोण भरून देणार? उलट जानेवारी २०१८ मध्यें स्पेक्टर ह्या सुरक्षादोषावर इंटेलनें जो मायक्रोकोड दिला, त्यानें कित्येक यंत्रें आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागलीं, आणि तो बसवूं नका असें २२ तारखेस कंपनीसच सांगावें लागलें.

म्हणून नवें कीं जुनें हा वादच मला गैरलागू वाटतो. नव्या बायॉसबरोबर कंपनी जें टिपण देते तें वाचावें. त्यांत आपल्याच प्रोसेसरचें नांव, सुरक्षेतील एखादें छिद्र, किंवा आपणांस जाणवणारा दोष लिहिला असेल तर तें घ्यावें. प्रोसेसर बदलावयाचा असेल तर आधींच घ्यावें. एएमडीच्या एएम४ जातीच्या जुन्या बोर्डांवर नवा रायझन बसवून पुष्कळांनीं काळा पडदा पाहिला आहे. ‘यंत्राची स्थिरता सुधारली’ एवढेंच मोघम वाक्य असेल, आणि आपलें यंत्र स्थिर असेल, तर स्वस्थ बसावें.

घ्यावयाचें ठरलें तर विजेचा बंदोबस्त प्रथम. सातपुड्यावर ढग दाटलेले असतां हें काम काढूं नये. घरच्या इन्व्हर्टरवरहि विसंबूं नये; वीज जाऊन बॅटरी लागेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यानेंच पुष्कळ संगणक बंद पडतात. संगणकासाठींचा यूपीएस हवा, आणि त्याची बॅटरी धड आहे हें आधीं पाहावें. बोर्डाच्या नांवाबरोबर त्यावर छापलेला आवृत्तिक्रमांकहि फाइलीशीं जुळला पाहिजे. बायॉसमधील आपल्या मांडणीचीं छायाचित्रें घ्यावीं. नंतर ती बहुधा मूळपदावर जाते व रॅम मंद चालूं लागते. विंडोजनें डिस्क कुलूपबंद केली असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी. फर्मवेअर बदलल्यावर ती मागितली जाण्याचा संभव असतो, आणि ती नसेल तर घरचे सारे फोटो आंतच अडकतात.

कांहीं मदरबोर्डांच्या मागील बाजूस एक लहान बटण असतें. पेनड्राइव्हमध्यें कंपनीची फाइल ठेवून तें दाबलें, कीं पडदा, प्रोसेसर वा रॅम यांच्या मदतीवांचून बायॉस पुन्हां लिहिलें जातें. फसलेलें लेखन त्यानें बहुधा सावरतां येतें. नवा बोर्ड घेणाऱ्या तळोदेकरानें रंगीत दिव्यांच्या रोषणाईवर पैसे घालण्यापेक्षां दुकानदाराजवळ ह्या बटणाची चौकशी करावी.