सुट्टीत गावाला न जाणाऱ्यांसाठी



वार्षिक परीक्षा संपत आली की वर्गात एकच विषय निघतो. "तू कुठं जाणार?" कुणी आटपाडीला मामाकडं, कुणी मंगळवेढ्याला आत्याकडं, कुणी पुण्याला काकांकडं. यंदा या गप्पांत काही मुलं गप्प बसलेली दिसली. एकीच्या मामाची विहीर आटली आहे. तिथं प्यायचे पाणी टँकरचे, त्यात आणखी चार माणसांची भर नको म्हणून तिच्या आईनेच जायचे रद्द केले. एकाची आजी पडून अंथरुणाला खिळली आहे. एकाच्या घरी डाळिंबाच्या बागेचे काम निघाले आहे. कारणे खरी आहेत, घरच्यांशी भांडून ती बदलणार नाहीत. हा लेख त्या मुलांसाठी आहे. जाणाऱ्यांनी वाचला तरी चालेल.

मामाच्या घरची मजा आपल्या घरी मिळते असे मी म्हणणार नाही. ती मिळत नाही. पण महिनाभर एकाच जागी राहणाऱ्याला काही गोष्टी दिसतात, त्या चार गावे फिरणाऱ्याला दिसत नाहीत. मला हे २०२० साली समजले. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली, एस.टी. थांबली, पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षाही रद्द झाल्या. तुम्ही तेव्हा फार लहान होता. माझा गाव लांबचा, म्हणून सगळा उन्हाळा मी इथंच शाळेजवळच्या खोलीत काढला. वेळ भरपूर होता. म्हणून अंगणात एक काठी रोवली.

या काठीचे नीट सांगतो. दुपारी सूर्य रोज बरोबर डोक्यावर येतो असे आपण बोलतो, पण तसे नसते. आपल्या सांगोला भागात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य डोक्यावर येण्याची जागा सहा महिने उत्तरेकडे आणि सहा महिने दक्षिणेकडे सरकत असते. उत्तरेकडे सरकताना ती ६ मेच्या सुमारास कोल्हापूरवरून जाते, ९ मेच्या सुमारास आपल्यावरून, १३-१४ मेला पुण्यावरून, २० मेच्या सुमारास नाशिकवरून आणि २६ मेच्या सुमारास नागपूरवरून. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली पडतच नाही. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. परत येताना ती ३ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा आपल्यावरून जाते, पण तेव्हा बहुतेक आभाळ भरलेले असते. म्हणून मेमधला दिवस सोडायचा नाही.

एक मीटरची सरळ काठी घ्या. ती उभी सरळ आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधून ओळंब्यासारखे तपासा. आपल्याकडे सूर्य सर्वांत उंच येतो तो बाराला नव्हे, तर १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. रोज त्या वेळी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. १ मेला सावली उत्तरेला साधारण चार सेंटिमीटर असेल. ती रोज आखडत जाईल, ९ तारखेला काठीच्या बुडाशी नाहीशी होईल, आणि मग चक्क दक्षिणेला निघेल! महिनाअखेर ती दक्षिणेला सात-आठ सेंटिमीटर झालेली असेल. भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, हे गावातल्या किती मोठ्या माणसांना ठाऊक आहे ते विचारून बघा. पुण्याच्या चुलतभावाला फोन करून सांगा की तुझी सावली आमच्यानंतर चार-पाच दिवसांनी जाणार. तोही बघेल. मात्र सूर्याकडे डोळे लावून पाहायचे नाही, आणि खूण झाली की लगेच सावलीत यायचे.

दुपारी घरात बसायचे म्हटले की माठाजवळची जागा सगळ्यांत चांगली. माठातले पाणी गार का होते? भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून उरलेले पाणी गार पडते. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून माठ चांगला चालतो. कोकणात हवा दमट असल्यामुळे तितका चालत नाही. बाहेरून तैलरंग दिलेला माठ दिसायला छान, पण छिद्रे बुजलेली, मग गारवा कुठला? बोअरच्या क्षारांच्या पाण्यानेही छिद्रे बुजतात. माठ काथ्याने घासा, साबण लावू नका. हे पडताळायचे असेल तर दोन सारखे तांबे पाण्याने भरून वाऱ्याला सावलीत ठेवा, एकाला ओले फडके गुंडाळा. तासाभराने दोन्हींत बोट घालून बघा.

कैरीचे पन्हे तुम्हाला मी काय सांगणार! फक्त त्यात मीठ का असते ते सांगतो. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, ते भरून निघते. गूळ मात्र आजीच्या हाताने पडला पाहिजे, आपला अंदाज चुकतो.

एक गोष्ट दटावून सांगतो. पोहायला म्हणून शेततळ्यात उतरू नका. कडेचा प्लॅस्टिकचा कागद बुळबुळीत असतो, पाय निसटतो आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. विहिरीतही जाणते माणूस बरोबर असल्याशिवाय नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध येतो. कुठेच न गेलेली मुलं मग दुसऱ्याच्या मामाचा गाव आपल्या वहीत लिहितात. असे होऊ नये म्हणून यंदा सहावी-सातवीला मी विषय देणार आहे, 'मे महिन्यात मी रोज काय पाहिले'. खडूच्या खुणांची मापे तारीखवार लिहून आणा. काठी नको असेल तर दारातला एखादा लिंब धरा. त्याच्या हिरव्या लिंबोळ्या पिवळ्या कधी झाल्या, पहिली कधी गळली, खायला कोणते पक्षी आले, एवढे लिहा. हा निबंध जाऊन आलेल्यांना थोडा अवघड जाईल, जाऊ दे.

आता रात्रीचे. दिवसभर तापलेले माळवद रात्री उघड्या, निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडून देते आणि नऊ-साडेनऊनंतर पाठ टेकण्यासारखे होते. वाकळ टाकून उत्तरेकडे तोंड करा. उंचावर सप्तर्षी दिसतील. चौकटीच्या टोकाकडचे क्रतु आणि पुलह हे दोन तारे जोडून रेघ पुढे नेली की ध्रुव सापडतो. हात लांब करून मूठ धरा, क्षितिजापासून ध्रुव जेमतेम दोन मुठी उंच आहे. आपला अक्षांश साडेसतरा, तेवढीच त्याची उंची. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधूक अरुंधती. घरातल्या कुणाकुणाला ती दिसते ते विचारा. शेपटीची कमान तशीच पुढे नेली की तांबूस स्वाती आणि त्याच्यापुढे चित्रा. जागे राहिलात तर आग्नेयेला विंचवासारखा वृश्चिक वर येईल, त्याच्या छातीशी लालसर ज्येष्ठा. चांदणे असेल तेव्हा अरुंधतीचा नाद सोडा, अमावास्येच्या आसपास बघा.

आणि मध्येच वळीव आला तर आधी वाकळ खाली न्या, मग भिजा. वीज कडाडत असेल तर भिजणेही नको, घरात या.