उंचावलेल्या हाताचें बळ

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारा रस्ता अड्याळ गांवावरून जातो. अशा वाटेवरील गांवीं शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळीं मुलांचा घोळका आणि वाहनांचा ओघ एकाच ठिकाणीं येतात. तेव्हां कोणी शिपाई, शिक्षक किंवा पालक रस्त्यांत उभा राहून हात वर करतो व मुलांना पलीकडे नेतो. हें काम दिसावयास सोपें; पण तें कां हवें आणि त्याला कोणाचा आधार आहे, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

ताशीं 60 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारें 17 मीटर अंतर तोडते. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास मुलाला सात सेकंद लागतात असें धरलें, तर तेवढ्यांत ती शंभर मीटरांहून अधिक पुढें येते. म्हणजे पाऊल टाकतांना जी दूर भासली, तीच मध्यावर त्याला गांठते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयांतील संशोधकांना असें आढळलें कीं, ताशीं सुमारें 32 किलोमीटरांहून जलद येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज प्राथमिक शाळेच्या वयांतील मुलांना नीट घेतां येत नाहीं. तेव्हां ‘नीट पाहून जा’ एवढा उपदेश पुरेसा नाहीं. पाहणारा डोळा प्रौढाचाच हवा.

ब्रिटनमध्यें 1953 सालच्या कायद्यानें अशा रक्षकाच्या फलकापुढें थांबणें चालकांवर बंधनकारक केलें. भारतांतील 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 132 वें कलम पाहिलें, तर वाहनाचा अपघात झाला असतां गणवेशांतील उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यानें सांगितल्यास चालकानें थांबावें. आपलें जनावर बुजेल अशी भीति वाटून त्याच्या राखणदारानें सांगितल्यासही थांबावें. बैलाचा कासरा धरणाऱ्याला त्या कलमानें दिलेला अधिकार मुलाचा हात धरणाऱ्याला मात्र त्यांत दिलेला नाहीं. पट्टेरी वाटेवर पादचाऱ्यास वाट देणें हें चालकाचें कर्तव्य आहे. पण जेथें पट्टे नाहींत, तेथें उंचावलेल्या हाताला बहुधा सौजन्याचाच आधार उरतो.

ही उणीव गांवाला पुष्कळशी भरून काढतां येते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश तरी सभासद पालक असावे लागतात. या समितीनें पाळ्या ठरविल्या, तर एकाच माणसाला ऊन-पावसांत रोज एकट्यानें उभें राहावें लागणार नाहीं. ग्रामसभेला ठराव करून पट्टे, सूचनाफलक व गतिरोधक मागतां येतात. शाळेच्या दोन्ही वेळीं शिपाई पाठविण्याची विनंति पोलीस ठाण्याला करतां येते. दुरून दिसणारें चकाकतें जाकीट आणि हातांतील फलक यांना तर फारसा खर्चही नाहीं.

परंतु सर्वांत मोठें साहाय्य बिनखर्चाचें आहे. धान भरलेला ट्रॅक्टर हांकणारा शेतकरी आणि घाईनें निघालेला मोटारसायकलस्वार हे बहुधा त्याच गांवचे असतात. त्यांनीं आधीं वाहन थांबविलें, म्हणजे मागून येणाऱ्या परक्या मालमोटारीलाही थांबणें भाग पडतें. कायद्यानें न दिलेला अधिकार त्या हाताला अशा रीतीनें शेजारीच देऊं शकतात.