खीर पातळ होते, ती का?

आमच्या गटाच्या नाचणी सत्त्वाबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "खीर दाट होत नाही. पिठात काही मिसळता का?" आम्ही काहीच मिसळत नाही. पण कारण कळायला दाण्याच्या पोटात डोकवावं लागेल.

ज्वारीचं कणीस भरू लागलं की दाणा दाबल्यावर पांढरा चीक निघतो. पानांनी केलेली साखर तिथे येत असते आणि तिचं स्टार्च, म्हणजे पीठ, होत असतं. हुरडा गोड लागतो, कारण थोडी साखर अजून शिल्लक असते. मग दाणा कडक होतो, गोडी जाते. पीठ साठवणाऱ्या पेशी तर भरून झाल्या की मरतात. जिवंत राहतो तो कडेचा पातळ थर आणि टोकाशी बसलेला अंकुर. या कोठाराला पुस्तकात भ्रूणपोष म्हणतात. आपण भाकरी खातो ती अंकुराच्या शिदोरीची! (हरभरा-मुगात हे कोठार दाणा पिकण्याआधीच संपतं आणि साठा दोन डाळींत जातो.)

दाण्याला पाणी लागलं की उलटा प्रवास सुरू. अंकुर जागा होतो, पाचक रस सुटतात, स्टार्चची पुन्हा साखर होऊ लागते. काढणीला आलेली ज्वारी पावसात सापडून कणसातच मोड आले, तर त्या पिठाची भाकरी धड थापता येत नाही, ती यामुळेच.

नाचणीत हेच आपण मुद्दाम घडवतो. साध्या नाचणीचं पीठ शिजताना फुगून घट्ट होतं. बाळाला गिळता यावं म्हणून आपण पाणी वाढवतो, आणि इवलंसं पोट पाण्यानंच भरतं. मोड आणलेल्या नाचणीची खीर पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावतं.

नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. मोड दाण्याएवढे झाले की वाळवा. लांब मोडांची हौस नको, तेवढा साठा अंकुरच खातो. भाजायचं अगदी हलकं. खमंग भाजलं तर पाचक रस मरतात. शिजवताना पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवा, उकळत्या पाण्यात टाकू नका. आणि खीर पातळ दिसली, तर वाटीला आणखी एक चमचा पीठ घाला.